रंजनाबाईची मूठ

"रंजनाबाईवर दोन पानं लिहून द्या," असं आमच्या बचत गटांचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग आला. महिला मेळाव्यात वाटायच्या पुस्तिकेत तिचा परिचय छापायचा आहे, फोटोसह. "सात वर्षं तुम्ही तिच्याबरोबर फिरलात. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" असं त्या म्हणाल्या. खरं आहे. मी आयुष्यात कुणाचा केला नाही एवढा हेवा रंजनाबाईचा केला, आणि ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावरून आपली नजर हलत नाही. म्हणून लिहिते. पण मॅडम, यात मीही येणार. मला वगळून लिहायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही कागद फाडले.

आधी माहिती. माहितीत मी पक्की आहे. रंजनाबाई मगन पाटील, वय सत्तेचाळीस, मुक्काम कोरीट, तालुका नंदुरबार. शिक्षण चौथी. नवरा मगन, दहा वर्षांपूर्वी शेतातल्या मोटारीचा शॉक लागून वारला. एक मुलगी, तेजल, नर्सिंग करून नवापूरला नोकरीला. शेती तीन एकर, कापूस आणि बांधाला तूर. आवाज घोगरा. उंची माझ्या खांद्याएवढी. दिसायला मी बरी आहे, हेही माहितीतच येतं.

आणि मी सीमा. बारावी पास, माहेर खांडबारा. कोरीटलाच दिलेली. नवरा पवन, त्याची पिठाची गिरणी आहे. बारा वर्षं मी बचत गटाचं काम करते, त्यात पहिली पाच वर्षं एकटी आणि पुढची सात रंजनाबाईबरोबर. आधी मी आले, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगून ठेवते.

आमचं काम असं असतं. जिथं बायांचे गट नाहीत अशा गावात दोघीदोघींनी जायचं, पंधरा दिवस तिथंच कुणाच्या तरी घरी राहायचं, रोज दुपारी बाया जमवायच्या आणि बोलायचं. याला आम्ही फेरी म्हणतो. फेरीत दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, आपली स्वतःची गोष्ट: आपण कशा होतो आणि कशा झालो. दुसरी, माहिती: कुठला अर्ज, कुठला दाखला, कुठला हक्क. साहजिकच गोष्ट रंजनाबाईकडे गेली आणि माहिती माझ्याकडे आली.

मी चित्रांचे मोठे तक्ते घेऊन उभी राहायची. विधवा पेन्शन, रेशनकार्डात नाव, वारस नोंद, जन्माचा दाखला. एकही चूक नाही, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आणि बाया? कुणाला म्हशीची आठवण व्हायची, कुणाचं पोरगं रडायचं. एका गावात तर एक म्हातारी माझ्या तक्त्यासमोर बसल्या बसल्या घोरायला लागली आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मला त्या "कागदवाली ताई" म्हणायच्या. रंजनाबाईला "रंजूआक्का" म्हणायच्या, पहिल्या दिवसापासून. तिच्या चहावर साय असायची. माझ्या चहावर मी कधी साय पाहिली नाही.

तिची गोष्ट मला पाठ होती. निदान मला तसं वाटत होतं.

ती कधी सुरुवातीपासून सुरू करायची नाही. उजव्या हाताची मूठ वळून पुढं धरायची आणि विचारायची, "हाई मूठमा काय शे?"

बाया म्हणायच्या, "काय नही."

"गहू शेतस," ती म्हणायची. "मन्हा नावना." म्हणजे माझ्या नावाचे.

मग कानबाई यायची, आमच्या खानदेशातली देवी. आमच्याकडे ज्या घरांत कानबाई बसते, तिथं श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्या नैवेद्याचे रोट होतात. भाऊबंद सगळे एका घरी जमतात. प्रत्येक घरची रीत थोडी वेगळी, पण मगनच्या घरात आदल्या संध्याकाळी सुपात गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावानं. म्हातारी सासू एकेकाचं नाव घेणार आणि त्या नावाची एक मूठ सुपात पडणार. तेच गहू दळायचे, त्याचेच रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. मगन गेल्यानंतरच्या पहिल्या कानबाईला सासूनं धाकट्या हेमकांतचं नाव घेतलं, त्याच्या दोन मुलांची नावं घेतली आणि सूप उचलायला वाकली. मगनचं नाव नाही, म्हणजे मगनच्या घरची मूठच नाही. रोट थापायला मात्र रंजनाबाई हवी होती.

तेव्हा रंजनाबाईनं पोत्यात हात घातला आणि सुपात मूठ टाकली. "हाई मन्ही," ती म्हणाली. परत हात घातला. "नी हाई मन्ही तेजलनी."

हेमकांत ओरडला, रोट बाटले म्हणाला, फेकून द्या म्हणाला. सासूनं एकदा सुपाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं. आणि म्हणाली, "दळा."

इथं रंजनाबाई मूठ उघडायची. आणि बाया रडायला लागायच्या. अगदी पहिल्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत. मला ते बघवत नसे. दर वेळी मी इथंच उठायची. हजेरीचा कागद आणायला, पाणी भरायला, फोन आला असं दाखवून बाहेर. मी ओसरीवर उभी राहून आतले हुंदके ऐकायची आणि मनात म्हणायची, दोन मुठी गहू टाकले तर एवढं काय केलं हिनं? मी एवढ्या बायांचे अर्ज भरले. एकीनं तरी माझ्यासाठी डोळे पुसले का?

सात वर्षांत मी एकदाही आत थांबले नाही, हे इथं लिहून ठेवते. पुढं कामाला येईल.

गेल्या वर्षी मॅडमनी सांगितलं की तालुक्यासाठी एक प्रशिक्षक नेमायची आहे. नव्या बायांना फेरीचं काम शिकवायचं, टेबल-खुर्ची, नेमणूकपत्र. तुम्हा दोघींपैकीच एक. दिवाळीनंतर बैठक होईल, तोवर कोण कसं काम करतं ते बघू.

मला ती जागा हवी होती. का हवी होती ते सरळ सांगते. माझ्या घराच्या दारावर पवनचं नाव आहे, गिरणीवर सासऱ्यांचं, आणि गावोगावी मी कागदवाली. एका कागदावर तरी "सीमा" असं छापून यावं आणि तो मी भिंतीला लावावा, एवढंच. आणि रंजनाबाईनं तो वाचावा. हेही खरं.

मे महिन्यात तेजलला टायफॉइड झाला आणि रंजनाबाई नवापूरला गेली. तापीकाठच्या एका गावाची फेरी माझ्या एकटीवर आली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. पहिल्या दिवशी मी तक्ते लावले. अकरा बाया आल्या. दुसऱ्या दिवशी सहा. त्यांतली एक विचारून गेली, "त्या रंजूआक्का येणार नाहीत का?" तिच्या माहेरी तिनं रंजनाबाईला ऐकलं होतं म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या दिवशी मी तक्ते पिशवीतून काढलेच नाहीत. मी मूठ वळली.

"या मुठीत काय आहे?" मी विचारलं.

बाया गप्प झाल्या. म्हणजे खरंच गप्प. एकीनं पोराच्या तोंडात बोट घालून त्याला गप्प केलं. बारा वर्षांत मला अशी शांतता मिळाली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती फार गोड लागली.

सगळी गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. फक्त नवरा मारला नाही, तेवढी लाज होती, आणि गळ्यात मंगळसूत्रही होतं. म्हटलं, तो सुरतला कामाला गेला तो परत आलाच नाही. मग सूप, सासू, दिराचा आरडाओरडा. "ही माझी. आणि ही माझ्या लेकीची." मला मुलगी नाही, दोन मुलगे आहेत. "दळा," असं म्हणून मी मूठ उघडली तेव्हा तळवा घामानं ओला झाला होता. बाया रडत होत्या. माझ्यासाठी! तेवढ्यात पदरात ठेवलेला फोन वाजला. सुरतला हरवलेला नवरा विचारत होता, लोणच्याची बरणी कुठे ठेवली आहे. "राँग नंबर," मी म्हटलं आणि बंद केला.

पंधरा दिवसांत त्या गावात तीन गट झाले. रंजनाबाईलाही एका फेरीत दोनाच्या वर जमले नव्हते. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. रंजनाबाईनं माझ्या पाठीवर हात मारून म्हटलं, "माले माहीत व्हतं, तू बोलाले लागशी." तिला खरंच आनंद झाला होता. मला तिच्या त्या आनंदाचाही राग आला.

श्रावण आला. कानबाई झाली. आमच्या घरात बसत नाही, त्यामुळे माझ्या काही लक्षात नव्हतं. सोमवारी सकाळी नंदुरबारकडून आलेल्या एसटीतून एक तरुण बाई उतरली, कडेवर तीन वर्षांची मुलगी, हातात कपड्यांची पिशवी. गावात विचारत विचारत आमच्या गिरणीपाशी आली.

निशा तिचं नाव. त्याच तापीकाठच्या गावातली. पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात बसायची, कधी बोलली नव्हती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता, हे मला हजेरीच्या कागदावरून माहीत होतं. तेवढंच माहीत होतं.

मी घरातून बाहेर आले तेव्हा ती पवनकडे बघत होती आणि पवन पिठानं पांढरा होऊन तिच्याकडे बघत होता.

"हाऊ कोन?" तिनं मला विचारलं.

"मी तिचा नवरा," पवन म्हणाला.

"तुम्हीन तं सुरतले गयेल व्हतात ना?"

"मी? कधी?" पवननं माझ्याकडे पाहिलं. मी तिला हाताला धरून आत नेलं.

ती सांगायला लागली. शनिवारी संध्याकाळी तिच्या सासरी गहू मोजले. तिच्या जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, भिलाचं नाव झालं, त्याच्या मुलांचं झालं. सूप उचलणार तेवढ्यात निशानं दोन मुठी टाकल्या. "हाई मन्ही, हाई मन्ही पोरनी." अगदी मी सांगितलं तसंच. पण तिची सासू "दळा" म्हणाली नाही. भिलानं सूपच उलटं केलं, ते गहू तापीत सोडले आणि नवे गहू मोजले. रविवारचे रोट सगळ्यांनी खाल्ले, हिला आणि मुलीला ओसरीवर बसवून. आज पहाटे पिशवी भरून दारात ठेवली होती. भिला म्हणाला, नवऱ्याच्या दोन एकरांवर हक्कसोडपत्राची सही कर, मगच घरात ये. लेखी द्यायचं की मला या जमिनीत काही नको. त्यानं शुक्रवारी तालुक्याला न्यायचं ठरवलंय.

हे सगळं तिनं न रडता सांगितलं. मग तिनं मला विचारलं, "ताई, मंग तुम्हीन पुढे काय करं?"

मी चहाचं भांडं शोधायला लागले.

"तुमना दीर बी ओरडना व्हता. मंग त्यानी तुमले बाहेर कसं नही काढं? तुम्हीन काय करं?"

मला माहीत नव्हतं. ती गोष्ट मी जगले नव्हते, आणि जी जगली तिला मी कधी हे विचारलं नव्हतं. हेमकांतनं रंजनाबाईला घराबाहेर का काढलं नाही? हा साधा प्रश्न मला सात वर्षांत पडला नव्हता. मी हेवा करण्यात गुंतले होते. निशाची मुलगी पिशवीवर डोकं ठेवून झोपली होती आणि शुक्रवार चार दिवसांवर होता. मी चहा केला. चहात साखर घालायला विसरले. निशानं तो तसाच प्यायला.

मग मी चपला घातल्या. रंजनाबाईचं घर चार गल्ल्या पलीकडे. त्या चार गल्ल्यांत मी तीनदा थांबले. एकदा तर निशाला म्हटलं, आपण परस्पर तालुक्याला जाऊ. म्हणजे काय करायचं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं, रंजनाबाईच्या दारात जायचं नव्हतं एवढंच.

रंजनाबाईच्या घरी कालचे रोट होते. चुलीपाशी टोपलीत झाकलेले दिसत होते. निशाच्या मुलीनं तिकडे बोट केलं तसं रंजनाबाईनं पटकन डबा उघडून तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला आणि खिचडी टाकली. रोट परक्याला द्यायचे नाहीत, आणि लेकराला नाही म्हणायचं नाही. तिला दोन्ही जमतं. मी उंबऱ्याशी उभी होते.

"रंजनाबाई," मी म्हटलं, "मी तुमची गोष्ट माझी म्हणून सांगितली. त्या गावात. हिनं ती ऐकून केलं."

ती खिचडी ढवळत होती. डाव थांबला.

"मन्ही गोष्ट? कशी सांगी? सांगी दखाड."

सांगून दाखव म्हणे! मला वाटलं ती थट्टा करते. पण ती पाटावर बसली आणि वाट बघायला लागली. निशाही बघायला लागली. मला ती गोष्ट परत सांगावी लागली, रंजनाबाईच्याच घरात, रंजनाबाईच्या तोंडावर. सुरतच्या नवऱ्यासकट. एवढी लाज मला कधी वाटली नाही. "दळा" म्हणून मी मूठ उघडली.

"मंग?" रंजनाबाई म्हणाली.

"मग काय? झाली."

"झाली? नी कागदवाली?"

"कोण कागदवाली?"

रंजनाबाईनं हातातला डाव खाली ठेवला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चकित झाली होती.

"तुले माहीत नही?" ती म्हणाली. "खरंच माहीत नही?"

मग तिनं सांगितलं. तिची गोष्ट "दळा"वर संपत नाही. मूठ उघडली की बाया रडतात, आणि रडू ओसरलं की ती विचारते, आता सांगा, हेमकांतनं मला बाहेर का काढलं नाही? आणि मग मागं जाते. मगनला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. ती घराबाहेर पडत नव्हती. एक दिवस शेजारीण तिला जबरदस्तीनं मारुतीच्या पारावर घेऊन गेली, तिथं एक बाई चित्रांचे तक्ते घेऊन उभी होती. बाकीच्या बाया हसत होत्या, कारण तक्ता वाऱ्यानं सारखा गुंडाळला जायचा आणि ती बाई एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं बोट दाखवत होती. तक्त्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं आणि त्यातल्या बापावर फुली मारलेली होती. रंजनाबाईला त्या फुलीवरून नजर काढता येईना.

"ती बाई बोलनी," असं म्हणून रंजनाबाई उभी राहिली, मान ताठ केली आणि शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाली, "'खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी अर्ज करावा. पत्नी, मुलं आणि आई, सर्वांची नावं लागतात. मुलगी असली तरी लागते. कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये.'"

शब्द माझे होते. सुरावटही माझीच होती. तो वाराही मला आठवला. माझ्या स्वतःच्या गावात, पारावर मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि घरी येऊन मी रडले होते की एकीनंही ऐकलं नाही.

"दुसरा दिन मी तलाठीकडे गयी," रंजनाबाई म्हणाली. सातबाऱ्यावर मगनच्या जागी तिचं, तेजलचं आणि सासूचं नाव लागलं. ते लागलं आणि त्यानंतर कितीतरी महिन्यांनी कानबाई आली. हेमकांत ओरडला खरा, पण तीन एकरांच्या कागदावर तीन बायांची नावं होती आणि त्यातली एक त्याची आई होती. म्हातारी "दळा" म्हणाली ती सुनेच्या मायेनं नाही, तिलाही त्या कागदानं पहिल्यांदाच स्वतःचं नाव दिलं होतं. "आधी कागद, मंग मूठ," रंजनाबाई म्हणाली. "हाई मी दर गावमा सांगस. तू नही ऐकं?"

मी दर गावात बाहेर ओसरीवर उभी होते. आणि जी एक गोष्ट मला बारा वर्षं तोंडपाठ होती, जिच्यासाठी बाया मला हसल्या, तीच मी त्या तापीकाठच्या गावात पिशवीत बंद ठेवली. नवरा सुरतला पाठवला म्हटल्यावर वारसाची गोष्ट येणार तरी कुठून? निशाच्या सासरच्या दोन एकरांवर अजून मेलेल्या माणसाचं नाव होतं, आणि मी तिला मूठ टाकायला शिकवली.

"मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" मी विचारलं. रागानंच विचारलं. चोरी माझी आणि रागही माझाच.

"माले वाटे तुले माहीत शे. तू लाजीसन बाहेर जास, आशे वाटे."

ती माझ्या हेव्याला लाजणं समजत होती. सात वर्षं. याहून वाईट मला कुणी काही म्हटलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. तीन महिने कधीच उलटले होते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, हे मला माहीत होतं आणि या वेळी ऐकणारी समोर होती. त्याच दुपारी मी निशाचा अर्ज लिहिला, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, निशाचं, मुलीचं, सासूचं, तिघींची नावं. शुक्रवारी भिला तालुक्याला वाट बघत बसला, निशा गेली नाही. ती रंजनाबाईकडे राहिली, माझ्याकडे नाही. त्याचंही मला वाटलं, पण बोलायला मला तोंड नव्हतं. नोटीस निघाली, भिलानं हरकत घेतली. सासूनं मात्र हरकत घेतली नाही. तलाठ्यानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा तिनं म्हणे ते दोनदा वाचायला लावलं. आश्विनात सातबारा निघाला. निशा परत घरी गेली, मागच्या खोलीत, चूल वेगळी. भिला अजून तिच्याशी बोलत नाही. तिच्या मुठीचं पुढच्या श्रावणात बघू, असं ती म्हणते.

पवननं मला एकच विचारलं, "मला सुरतला पाठवायचंच होतं तर निदान नोकरी तरी चांगली दिलीस का?" आणि गिरणी सुरू केली.

दिवाळीनंतर बैठक झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं की ते तीन गट माझ्या गोष्टीवर झालेले नाहीत, चोरीच्या गोष्टीवर झाले आहेत, आणि तीही अर्धी चोरलेली. मी एकदम साध्वी झाले असं समजू नका. निशा त्या बैठकीला येणार होती आणि तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं, एवढाच हिशेब होता. मॅडम, तुम्ही तेव्हा चष्मा काढून पुसला होता, मला आठवतं. जागा रंजनाबाईला गेली. नेमणूकपत्र तिनं भिंतीला लावलेलं नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवलंय. मी असते तर चौकट केली असती.

परिचय इथं संपायला हवा. पण गेल्या आठवड्याचं लिहिल्याशिवाय तो पुरा होत नाही.

नव्या बायांना गोष्ट कशी सांगायची ते दाखवायला रंजनाबाई एका गावात आली होती. मी तक्ते घेऊन मागच्या भिंतीला बसले होते. तिनं मूठ वळली. सूप आलं, सासू आली. "दळा." मूठ उघडली. बाया रडायला लागल्या. माझे पाय सवयीनं उठायला लागले, मी हातानं गुडघे दाबून धरले. रडू ओसरलं. रंजनाबाईनं विचारलं, हेमकांतनं मला बाहेर का काढलं नाही? आणि मग पार आला, वारा आला, गुंडाळला जाणारा तक्ता आला. एका हातानं कागद धरून दुसऱ्या हातानं बोट दाखवणारी बाई आली. हसणाऱ्या बाया आल्या. त्यांच्याकडे न बघता ती कशी शेवटपर्यंत बोलत राहिली, ते आलं. सगळ्या ऐकत होत्या. एकीलाही म्हशीची आठवण झाली नाही.

पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "आक्का, ती कागदवाली बाई कोन व्हती?"

"मांगे बठेल शे," रंजनाबाई म्हणाली. "तिलेच इचारा. सात वरीसमा आज पहिल्यांदा शेवटलगून बठनी."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दोघीतिघींचे डोळे अजून ओले होते. एकीनं सरकून मला पुढं जागा करून दिली.

माझ्या मनात परत तोच जुना हेवा उठला: ही माझी गोष्टसुद्धा माझ्यापेक्षा चांगली सांगते. उठून बाहेर जावंसं वाटलं. मी तक्ते उचलले आणि त्या पुढच्या जागेवर जाऊन बसले.